किंजळ, खुंटी क्र. ७

३ नोव्हें., सोम.
वार्षिक तपासणी. कॉलेजच्या मागची पट्टी, माजिवडा. स. ९ ते ११.३०. नऊच्या नऊ खुंट्या उभ्या. साग तीन, ऐन दोन, किंजळ चार. नेहमीप्रमाणे: उपटायची, माती पुसायची, टोचणीने टोचून बघायची, लाकडी हातोडीचा एक हलका ठोका, ० ते ४ पैकी आकडा द्यायचा. ० म्हणजे धड, ४ म्हणजे मोडली. मग त्याच भोकात, त्याच दिशेला तोंड करून परत. नऊही खुंट्यांचा आकडा गेल्या वर्षीचाच.

२००४ साली साठ पुरल्या होत्या. सहा जातींच्या लाकडांच्या प्रत्येकी दहा. आंबा आणि सावर तीन पावसाळ्यांत संपले, ते अपेक्षितच होतं. नंतर दरवर्षी दोन-तीन जायच्या. गेली पाच वर्षं एकही नाही. मागे राहिल्या त्या निवडक गाभ्याच्या, असं मी समजते.

माळी शेलार नळी धरून लांब उभे होते. "बाई, सगळ्या ठीक ना?" दरवर्षी एवढंच विचारतात. "ठीक," म्हटलं.

गुडघा दुखतोय. पुढच्या वर्षी छोटा स्टूल न्यायचा.

५ नोव्हें., बुध.
अनघाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, आता दक्षिणेत लाकडावर काम करणाऱ्या संस्थेत आहे. कोकण-ठाण्याकडच्या दुर्लक्षित लाकडांचा तक्ता काढताहेत. गुणधर्म, ताकद, जमिनीत किती टिकतं, कशाला वापरावं. माझ्या खुंट्यांचे आकडे हवेत. मुदत १५ डिसें.

"मॅडम, एवढी वर्षं एकाच मातीत उभी असलेली किंजळ आमच्याकडे कुणाचीच नाही. ती ओळ तुमच्या नावाने जाईल."

किंजळाला कोणी विचारत नाही. सागाची आरती ओवाळतात आणि किंजळ सरपणात घालतात. मी तरुणपणी भर बैठकीत म्हटलं होतं की इथल्या मातीत किंजळ सागाच्या बरोबरीने उभा राहील. लोक हसले होते. त्यातले बरेचसे आता नाहीत. हसणारे तरी हवे होते.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारच्या कुलकर्णीबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, किंजळ म्हणजे काय, फर्निचरला चालतं का? चालतं, म्हटलं. दार लावून घेतलं.

७ नोव्हें., शुक्र.
अनघाला फोटो हवे होते म्हणून पुन्हा माजिवड्याला. गेले नसते तर.

फोटो काढून होत आले तेव्हा शेलार जवळ आले. या महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. म्हणाले, जायच्या आधी तुम्हाला एक सांगायचं होतं. अवजारांच्या खोलीतून एक डबा आणला. रंगाचा जुना डबा, आत काळं तेल, त्यात ब्रश उभा. चेहरा असा, की परीक्षेत पहिला आलेला मुलगा.

"बाई, पाच वर्षांत एक तरी गेली का?"

गॅरेजातलं जळकं ऑइल. मुरबाडकडे त्यांच्या गावी दारांच्या चौकटींना लावतात, वाळवी येत नाही. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, माझ्या खुंट्यांना बुडाशी माती उकरून हे लावत होते. नोव्हेंबरात मी यायची तोवर चार महिन्यांच्या पावसाने वर काही दिसत नाही. आणि वास मला करोनापासून येत नाही.

मी विचारलं, हात लावायचा नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?

"हात नाही लावला, बाई. ब्रशने लावलं."

मग मी जे बोलले ते लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशीत गाळायचं नाही असा नियम मीच केलेला आहे. म्हटलं: "त्या कुजायला पुरल्या होत्या. कुजतात केव्हा ते बघायला. माझं वीस वर्षांचं काम तुम्ही डब्यात बुडवलंत. अक्कल नाही तर विचारायचं तरी." ऑफिसच्या खिडकीतून दोघेजण बघत होते. आवाज मी कमी केला नाही. वर्गातलाच आवाज.

त्यांनी डबा उचलला, खोलीत ठेवला, नळावर हात धुतले. बराच वेळ धुतले. मी निघाले.

८ नोव्हें., शनि.
दिवसभरात बोललेले शब्द: भाजीवाल्याशी चार, लिफ्टमध्ये एक.

१० नोव्हें., सोम.
वही काढून बसले. २००४ ते २०१९ स्वच्छ आहे. त्याला कुणी धक्का लावू शकत नाही. पण तोवर साग आणि किंजळ सारखेच जात होते, कौल लागला नव्हता. कौल पुढच्या पाच वर्षांत लागायचा होता.

२०२० ची ओळ रिकामी आहे. तेव्हा मी आजारी, सगळं बंद, माजिवडा सोडा, सोसायटीचं फाटकही ओलांडलं नव्हतं. आणि २०२१ पासून शून्याला शून्य. मी त्याला गाभा म्हणत होते. पाच वर्षं एकही आकडा हलत नाही आणि बाईंना संशय येत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत हे दिसलं असतं तर लाल शाईने वही रंगवली असती.

अनघाला काही न कळवता आकडे पाठवले तर कुणालाही कळणार नाही. शेलार तक्ते वाचत नाहीत. हे लिहून ठेवते, कारण दुपारभर हाच विचार केला.

११ नोव्हें., मंगळ.
अनघाला कळवलं. तीन ओळी. तेल, २०२१ पासून, माळ्याने. दोष माझा, देखरेख नव्हती.

पाठवल्यावर फोन पालथा घालून ठेवला.

१३ नोव्हें., गुरु.
अनघाचा फोन. समजूतदारपणे बोलली, म्हणून जास्त लागलं. तिच्या जागी मी असते तर... असो. म्हणाली, २०१९ नंतरचं सगळं काढून टाकावं लागेल. पण नीट चौकशी करा. नक्की कोणत्या खुंट्यांना लावलं, केव्हापासून. एखादी जरी सुटली असेल, विशेषतः किंजळातली, तर ती एकटी अख्ख्या ओळीइतकी मोलाची. खुंट्यांमध्ये दोन फुटांचं अंतर आहे, एकीचं तेल दुसरीला जात नाही.

"त्या काकांना विचारा ना, मॅडम. त्यांना आठवत असेल."

विचारा ना. तिला काय जातंय म्हणायला.

१७ नोव्हें., सोम.
कॉलेजात गेले. शेलार नाहीत. शिल्लक रजा टाकून घरी बसलेत, आता निवृत्तीपर्यंत येणार नाहीत. ऑफिसातल्या सावंतांनी सांगितलं, दिव्याला मुलाकडे असतात. पत्ता लिहून देता देता म्हणाले, "बाई, काय झालं हो त्या दिवशी? तीस वर्षांत माणसाने एक खाडा केला नव्हता."

मी म्हटलं, पत्ता नीट अक्षरात लिहा.

मागच्या पट्टीत चक्कर मारली. जास्वंद वाळलीय. नऊ खुंट्यांपाशी उभी राहिले. कि. ७, तिसऱ्या रांगेतली. या खुंटीवर माझी सगळी मदार होती. साठांत हिचाच गाभा सर्वांत दाट. मी स्वतः करवतीने कापून आणलेली, त्या दिवशी हाताला फोड आला होता. त्या वेळी प्रयोगशाळेत आम्ही सहाजण होतो. जेवणाचे डबे एकत्र उघडायचो.

२१ नोव्हें., शुक्र.
दिव्याला न जाण्याची कारणं: मंगळवार, गुडघा. बुधवार, बँक. गुरुवार, काही नाही. आज, काही नाही.

२३ नोव्हें., रवि.
गेले. दिवा पूर्व, स्टेशनपासून पंधरा मिनिटं आत. इमारती इतक्या जवळ की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता येईल. गल्लीत निळ्या पिंपांची रांग, टँकरची वाट बघत. त्या रांगेत, तिसऱ्या पिंपाशी, शेलार. बनियन, चट्ट्यापट्ट्याचा पायजमा. मला बघून आधी खांद्यावरचा शर्ट अंगात चढवला, बटणं लावली, मग "बाई, तुम्ही?"

सून वरून ओरडली, आबा, नंबर सोडू नका. म्हणून रांगेतच बोललो. मला कुणाचं तरी उलटं घातलेलं पिंप बसायला दिलं. बसले.

माफी मागायची असं घरून ठरवून निघाले होते. वाक्यही तयार होतं. ते काही झालं नाही. त्याऐवजी चाचणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुठलं लाकूड जमिनीत किती वर्षं तग धरतं, त्यावरून कुंपणाला, गोठ्याला, घराला काय वापरावं ते ठरतं. एक मोडली की मला एक उत्तर मिळायचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"हे आधी सांगायचं होतं ना, बाई. वीस वर्षं सांगितलं नाही तुम्ही."

खरं आहे. "हात लावायचा नाही" याखेरीज काहीही सांगितलं नव्हतं. कॉलेजात कुणालाच कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. यांनी तरी दरवर्षी विचारलं होतं.

मग का लावलंत, मी विचारलं. रागाने नाही. ते पिंपाच्या कडेकडे बघत बोलत होते. मोडलेली खुंटी तुम्ही पिशवीत घालून न्यायचात, म्हणाले, तेव्हा तुमचं तोंड असं व्हायचं की घरचं माणूस गेलंय. मी म्हटलं, माझं तोंड असंच आहे. तेव्हा हसले. पुढचा पिंपवाला पण हसला, तो सगळं ऐकत होता.

"त्या साली तुम्ही आल्याच नाहीत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आम्हाला वाटलं, बाई गेल्या. म्हटलं खुंट्या तरी राहूदेत."

मी वही उघडली.

एकेक क्रमांक घेतला. माणसाला सगळं आठवतं, तारखांनी नाही, घरातल्या गोष्टींनी. ऐनाच्या दोन्ही पहिल्याच वर्षापासून. साग ४ आणि ९ धाकटीच्या लग्नाच्या मे महिन्यात. साग २ एकदाच, तेल पुरलं नाही म्हणून. किंजळातल्या तीन दर वर्षी. मी कोणत्या खुंटीपाशी जास्त वेळ थांबते, कोणती पुसताना चष्मा लावते, सगळं त्यांनी पाहून ठेवलेलं. माझ्या वहीत जे नाही ते त्यांच्यापाशी आहे.

राहिली कि. ७. इथे मी चूक केली. म्हटलं, "शेलार, एक जरी बिनतेलाची राहिली असेल ना, तरी माझं काम वाचेल. सातला लावलं होतंत का?"

माझ्याकडे पाहिलं. लगेच म्हणाले, "नाही, बाई. सातला नाही."

"नक्की?"

"ती मजबूतच होती. तिला काय लावायचं."

तेवढ्यात टँकर आला. सगळे धावले, पिंपं सरकली, मी उठून भिंतीला लागले. ते तिसरे, नळी हातात, पाणी, आरडाओरडा. मी हात केला. त्यांनी मान हलवली. निघाले.

२४ नोव्हें., सोम.
बी.एस्सी.च्या पोरांना पहिल्या तासाला शिकवायची: आपल्याला काय हवंय ते निरीक्षकाला आधी सांगून मग नोंद विचारायची नाही. वजन करणाऱ्याला आधी अपेक्षित वजन सांगायचं नाही. आणि काल मी त्या माणसाला आधी उत्तर दिलं, मग प्रश्न विचारला.

बाकी आठांना आठवायला वेळ लागला. डोकं खाजवलं, सुनेला विचारलं, बोटांवर मे महिने मोजले. सातला वेळच लागला नाही.

एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघून खुंट्यांना तेल लावणारा माणूस. काल परत चेहराच बघत होता.

किंवा खरंच नसेल लावलं. ती मजबूत होतीच.

२९ नोव्हें., शनि.
आज शेलारांचा निरोप समारंभ होता. सावंतांनी फोटो पाठवले. शाल, नारळ, घड्याळ. मला बोलावणं नव्हतं, असायचं कारणही नाही. माझ्या स्वतःच्या समारंभात मी चार मिनिटं बोलले होते, त्यातली दोन प्रयोगशाळेतल्या गळक्या नळावर.

फोटोत त्यांच्यामागे एक खुर्ची रिकामी आहे. ती माझ्यासाठी असेल असा विचार मनात आला. बावळटपणा.

२ डिसें., मंगळ.
आठांचे तपशील अनघाला गेले. ती खूश. असे प्रत्यक्ष करणाऱ्याच्या तोंडचे तपशील सहसा मिळत नाहीत म्हणाली. कि. ७ बद्दल मी लिहिलं: संबंधिताच्या सांगण्यानुसार तेल नाही, प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला गेल्याने साक्ष सदोष.

तिचं म्हणणं, मग एवढा घोळ कशाला, जमिनीखालच्या भागाचा एक तुकडा कापून पाठवा. तेल असेल तर आठ दिवसांत कळेल.

बरोबर आहे. हे मला तेवीस तारखेलाच माहीत होतं.

तुकडा कापला की कि. ७ संपली. पुन्हा पुरता येत नाही, बुडाची लांबी बदलते, कापलेल्या तोंडातून पाणी शिरतं. त्याला हरकत नाही. चाचणीसाठीच आहे ती. तेल निघालं तर किंजळाची ओळ जाईल. त्यालाही हरकत नाही, म्हणजे आहे, पण सोसेन.

तेल निघालं तर शेलारांनी मला खोटं सांगितलं असं ठरेल. तेही प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी. ते मला कळायला हवंय का, हा प्रश्न लाकडाच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

७ डिसें., रवि.
करवतीला धार लावून आणली. बारीक दातांची. टेबलावर आहे.

कुलकर्णीबाई वाटी परत द्यायला आल्या, करवत बघितली, बसल्या नाहीत.

१० डिसें., बुध.
माजिवड्याला गेले, कापायचं म्हणून. करवत कापडात गुंडाळून पिशवीत. कि. ७ उपटली, पुसली, टोचली. आकडा शून्य. बुडाशी माती काळी, पण तिथली माती काळीच. बोटावर घासून पाहिलं. पाण्याचा थेंब टाकला. थोडा थांबला, मग जिरला. जुन्या दाट गाभ्यावरही असाच थांबतो. काही सांगता येत नाही.

मांडीवर आडवी घेतली. करवत टेकवली. पहिली ओढ मारायची ती मारली नाही. अर्धा तास तशीच. मग परत त्याच भोकात, त्याच दिशेला तोंड. वहीत लिहिलं: नमुना घेतला नाही. कारणाचा रकाना कोरा. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

१४ डिसें., रवि.
उद्या मुदत.

सकाळी ठरवलं की सदोष साक्ष म्हणून कि. ७ गाळायची, विषय बंद. मजकूर लिहून काढला. पाठवणार इतक्यात फोन. अनोळखी क्रमांक, सुनेचा.

"बाई, शेलार बोलतोय." मागे पोरांचा आवाज, कुकर. तब्येत विचारली, माझी, गुडघ्याची. त्या दिवशी पिंपावरून उठताना पाहिलं होतं म्हणाले. मी विचारलं, घरी बसून कसं वाटतं? म्हणाले, सकाळी पाचला जाग येते आणि पाणी घालायला काही नाही. मीही पाचलाच उठते, म्हटलं. हे मी कुणाला का सांगावं, माहीत नाही. पण सांगितलं.

मग त्यांनी मागच्या पोरांना गप्प केलं.

"बाई, त्या सात नंबरचं जरा बोलायचं होतं. परवापासून झोप नाही नीट."

एवढंच. आवाजावरून काही कळलं नाही. मी ऐकणार होते. वही समोर, पेन हातात, आयुष्यभर याचसाठी बसलेली. आणि म्हटलं,

"फोनवर नको. समोर येऊन सांगा. डोंबिवलीला या. मी काही विचारणार नाही, तुम्ही सांगाल ते लिहून घेईन."

"रागावणार नाही ना?"

"ते सांगता येत नाही."

हसले. मंगळवारी येतो म्हणाले, दुपारी, पत्ता सावंतांकडून घेतो. चहात साखर किती, हे मी विचारलं. पूर्वी कधी लागलं नव्हतं. दोन चमचे. घरात साखर नाही, मी घेत नाही.

त्यांनी काहीही सांगितलं तरी बुधवारी कापायचीच. दोन्ही लिहीन, सांगितलेलं आणि कापलेलं, वेगवेगळ्या रकान्यांत. आधी सांगितलेलं.

अनघाला कळवलं की कि. ७ साठी दोन आठवडे वाढवून हवेत. आयुष्यात पहिल्यांदा मुदत वाढवून मागितली. तिने लगेच विचारलं, काही अडचण आहे का, मॅडम?

लिहिलं: अडचण नाही. निरीक्षक मंगळवारी येणार आहेत.